गोधडी, देऊळ आणि फोटोच्या पाठीवरची अक्षरं

पत्राचा सारांश: वय ४१. दीड वर्षापूर्वी नवऱ्याचं घर सोडून या वाचक भगिनी दुसऱ्या गावी एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेऊन राहतात. पत्ता माहेरी, एका मैत्रिणीला आणि वकीलबाईंना ठाऊक आहे. नवऱ्याला तो कळू नये, यासाठी सगळा आटापिटा. जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात, गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवरून येतात. चार दिवसांपूर्वी पुण्याच्या एका बाईंनी 'फोटो धूसर येतोय, टाके दिसत नाहीत' असं कळवलं, म्हणून यांनी तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'अय्या, तुम्ही देवळामागे राहता होय! माझी मावशी त्याच आळीत असते. रविवारी येतेय तिच्याकडे, तेव्हा घरी येऊनच घेऊन जाते.' त्या रात्री यांची झोप उडाली. भाचा म्हणाला, फोटोच्या आत जागा लिहिलेली असते. भावाने हुकूम सोडला: एखादं फुकटचं ॲप टाक, फोनमधल्या ९ हजार फोटोंमधली सगळी माहिती एका फटक्यात पूस, आणि गोधड्यांचे फोटो टाकणंही बंद कर. पण त्याच फोटोंमध्ये वडिलांची शेवटची दोन वर्षं आहेत, आणि वकीलबाईंनी मागितलेले तुटलेल्या कडीचे फोटोही आहेत. त्या विचारतात: पुसू का सगळं? आणि माझ्यासारखीने फोटो टाकूच नयेत का?

ताई,

तुमचं पत्र वाचायच्या आधी मी जोडलेला फोटोच उघडला. निळ्या इरकलीच्या तुकड्यांची गोधडी, कडेने लाल धावदोरा. मग सवयीने फोटो बोटाने वर सरकवला. खाली नकाशा आला आणि नकाशावर टाचणी. ज्या गोष्टीची धास्ती घेऊन तुम्ही मला लिहिलंत, तीच पत्राला जोडून पाठवलीत! रागावत नाही. हे इतकं सहज होतं, एवढंच सांगायचंय. तो मेल फोटोसकट मी काढून टाकला आहे, कचरापेटीतूनही.

पण काढण्यापूर्वी फोटो नीट पाहिला. एका दैनिकाच्या फोटो डेस्कवर मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे फोटो हातात आला की डोळे आधी कोपऱ्यांकडे जातात. तुमची गोधडी गच्चीच्या कठड्यावर पसरलेली आहे. मागे उजवीकडे देवळाचं शिखर, पिवळ्या रंगावर शेंदरी पट्टे, वर ध्वज. डावीकडे पिठाच्या गिरणीची अर्धी पाटी, तिच्यावरची पहिली तीन अक्षरं स्वच्छ वाचता येतात.

आता पुण्याच्या बाईंनी काय लिहिलं ते पुन्हा वाचा. 'तुम्ही देवळामागे राहता होय!' ताई, फोटोच्या आत लपलेल्या आकड्यांमध्ये देऊळ नसतं. देऊळ फोटोत होतं. लहानपणापासून मावशीकडे सुट्टीला जाणाऱ्या बाईला ते शिखर ओळखायला नकाशा कशाला हवा? आधीचे फोटो व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेले होते, त्यात टाके दिसत नव्हते तशी पाटीही दिसत नव्हती. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला फोटो जसाच्या तसा गेला. टाके दिसले, देऊळही दिसलं.

भाचा खोटं बोललेला नाही. जागा त्या फाइलीत होतीच, मी स्वतः पाहिली. पण त्या बाईंनी ती तिथून वाचली, हे आपण सगळ्यांनी धरून चाललोय. मला तरी तसं वाटत नाही. भावाने सांगितलेला उपाय तुम्ही महिनाभर आधी केला असता, सगळे फोटो धुऊन काढले असते, तरी तेच उत्तर आलं असतं. म्हणून पुसायच्या आधी, कोणत्या गोष्टीने काय सांगितलं ते वेगवेगळं करून बघू.

आधी ही लपलेली माहिती म्हणजे काय ते. आपल्या घरांत जुने कृष्णधवल फोटो असतात ना, त्यांच्या पाठीवर शाईने लिहिलेलं असायचं: 'चि. सौ. कां. अमुक, साखरपुडा, वैशाख, मिरज'. एका कोपऱ्यात स्टुडिओचा शिक्का. भिंतीवर टांगलेल्या फोटोची पाठ कोणाला दिसायची नाही, पण ती असायची. डिजिटल फोटोलाही अशी पाठ असते. तिला मेटाडेटा म्हणतात, आणि तो लिहून ठेवायची जी पद्धत सर्वात जास्त चालते तिचं नाव एक्झिफ. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने ती १९९५ साली ठरवली. हेतू अगदी साधा होता. फोटो कोणत्या कॅमेऱ्याने, केव्हा, किती उजेडात काढला, कॅमेरा उभा धरला होता की आडवा, हे फाइलीतच लिहिलेलं असावं, म्हणजे छपाईवाल्याला आणि संगणकाला ते वाचता येईल. पुढे फोनमध्ये उपग्रहांवरून जागा ओळखणारं जीपीएस आलं आणि पाठीवरच्या शाईत जागेचा पत्ताही उमटायला लागला.

तो किती बारीक असतो ते एकदा बघाच. उदाहरणाला शनिवारवाडा घेऊ, त्याचा पत्ता लपवायचं कोणाला कारण नाही. त्याच्यासमोर काढलेल्या फोटोत साधारण असं दिसेल: उत्तर १८ अंश ३१ मिनिटं, पूर्व ७३ अंश ५१ मिनिटं, आणि दोन्हींपुढे सेकंद, सेकंदापुढे दशांश. उत्तर-दक्षिण मोजलं तर एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, त्यातून फार तर जिल्हा कळेल. एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, म्हणजे पेठ कळली. एक सेकंद म्हणजे ३१ मीटर, म्हणजे वाडा. आणि सेकंदाचा दहावा भाग म्हणजे ३ मीटर, म्हणजे दिंडी दरवाजा की त्याच्या शेजारची भिंत. फोन घरात असेल तर त्याचा अंदाज बराच चुकतो, पण तुम्ही गच्चीवर, मोकळ्या आभाळाखाली होता. तिथे तो पाच-दहा मीटरच्या आत नेऊन सोडतो.

याने भल्याभल्यांची फजिती झाली आहे. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी डिसेंबर २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवून लपले होते. 'व्हाइस' या मासिकाच्या पत्रकारांनी त्यांच्यासोबतचा फोटो मोठ्या दिमाखात वेबसाइटवर टाकला. फोटो आयफोनने काढलेला, पाठ तशीच ठेवलेली. लोकांनी ती वाचली आणि मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत हे जगजाहीर झालं. दोन-तीन दिवसांत त्यांना तिथे पकडलं. संगणकाच्या सुरक्षिततेवर ज्याने आयुष्य काढलं त्या माणसाची ही गोष्ट, तेव्हा तुम्ही स्वतःला फार बोल लावू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. पत्राच्या शेवटाकडे तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय: 'फोन पाच वर्षांपूर्वी ह्यांनीच घेऊन दिला होता, सगळं त्यांनीच चालू करून दिलं, मला त्यातलं काही कळत नव्हतं.' ताई, मला गोधडीच्या फोटोपेक्षा या वाक्याने जास्त अस्वस्थ केलं.

तुम्हाला पत्ता कोणापासून लपवायचा आहे? पुण्याच्या बाईंपासून नाही. एका माणसापासून. त्या माणसाला तुमच्या गोधड्यांचे फोटो मिळतच नसतील. पण तुमच्या फोनमधलं गूगल खातं त्याने उघडलं असेल, पासवर्ड अजून तोच असेल आणि फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर तुम्ही काढलेला प्रत्येक फोटो तारीख आणि नकाशासकट त्या खात्यात जाऊन बसतो आणि तो त्याला घरबसल्या बघता येतो. हरवलेला फोन शोधायची सोय त्याच खात्यातून चालते. गूगल मॅप्समध्ये 'लोकेशन शेअरिंग' कधीकाळी मुदत न घालता चालू करून दिलेलं असेल तर ते आपोआप बंद होत नाही. गूगल फोटोजमध्ये जोडीदाराला सगळे फोटो आपसूक दिसावेत अशीही एक सोय आहे, लग्नाच्या पहिल्या वर्षी गोड वाटणारी. असं झालंच आहे असं मी म्हणत नाही. पण भावाचं ॲप फोनमधले ९ हजार फोटो धूत बसेल आणि हा दरवाजा तसाच सताड उघडा राहील.

हे तपासायचं ते असं. मैत्रिणीच्या फोनवरून किंवा संगणकावरून तुमच्या खात्यात जा, 'सुरक्षा' या भागात 'तुमची डिव्हाइस' ही यादी असते. तिथे तुमच्या फोनखेरीज एखादा जुना टॅब, घरातला लॅपटॉप, अनोळखी फोन दिसतो का बघा. दिसला तर आधी त्या पडद्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि वकीलबाईंना दाखवा, मगच तो काढून टाका. पासवर्ड बदलणं आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करणं त्यानंतर. खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे तेही बघा, बहुतेक वेळा तो विसरलेला असतो आणि 'ह्यांचा'च असतो. घाईने सगळं एकदम तोडू नका, कारण समोरच्याला ते लगेच कळतं, आणि काही माणसं अशा वेळी उसळतात. तुमच्या दाराची कडी तुटलेली आहे, म्हणून हे स्पष्ट लिहितेय. तेव्हा हे कोणत्या दिवशी करायचं, तेव्हा सोबत कोण असेल, हे वकीलबाईंशी बोलून ठरवा. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याशीही बोलता येतं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, आणि दारात कोणी उभं राहिलं तर ११२.

आता त्या ९ हजार फोटोंकडे येऊ. माझं मत विचारलंत तर, पुसू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा झोपाळ्यावरचा फोटो दवाखान्याच्या आधीचा की नंतरचा, यावर तुमचा आणि भावाचा अजून वाद आहे. तो वाद मिटवायची एकच जागा आहे: त्या फोटोची पाठ. ती पुसली की फोन कशाच्या आधारावर सांगणार? पाठ कोरी झाली की गॅलरी फाइलीची तारीख धरते, आणि ती बहुधा पुसल्याच्या दिवसाची असते. मी हे भोगलंय. कामाच्या ठिकाणी एक 'क्लीनर' वापरायचो, तो मी एकदा शहाणपणा करून घरच्या फोल्डरवर चालवला. आमची तीन वर्षं एका मंगळवारी घडली. भाचीचं बारसं, कोकणातली ट्रिप, सासूबाईंची पंचाहत्तरी, सगळं एकाच दुपारी पावणेचार वाजता. शिवाय उभे काढलेले काही फोटो आडवे पडले, कारण 'कॅमेरा उभा धरला होता' हेही त्या पाठीवरच लिहिलेलं असतं. सासूबाई अजून डोक्याखाली हात घेऊन निजल्यासारख्या केक कापतायत.

आणि जिथे पाठ नसते तिथली गंमत वेगळीच. माझ्या आईवडिलांचा लग्नाचा अल्बम आम्ही स्कॅन केला. गॅलरीच्या मते त्यांचं लग्न २०१९ साली झालं. मी लग्नाला हजर होते, हे ओघाने आलंच.

वकीलबाईंनी मागितलेल्या फोटोंना तर हातच लावू नका. कडीचा फोटो तुम्ही त्याच रात्री काढला हे तुमचं म्हणणं आहे, ते त्या फाइलीतही लिहिलेलं आहे. मेटाडेटा बदलता येतो, त्यामुळे तेवढ्यावरच न्यायालय विश्वास ठेवतं असं नाही. बाकीच्या गोष्टींशी तो ताडून पाहिला जातो. पण तुम्ही स्वतःच तो पुसलात तर ताडायला काही उरतच नाही, उलट 'का पुसला?' हा प्रश्न समोरचा वकील विचारणार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलीचा 'हॅश' लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलीवरून काढलेला एक लांबलचक आकडा. आतलं एक अक्षर जरी हललं तरी तो पूर्ण बदलतो. म्हणून ते फोटो कापू नका, उजळू नका, व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून वकीलबाईंना पाठवू नका. केबल लावून पेन ड्राइव्हवर नक्कल घ्या, आणि मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. फोन बदलायचा विचार असेल तर तोही वकीलबाईंना विचारून.

एक बारकी गोष्ट, नाहीतर पुढे दचकाल. त्या फोटोची सगळी माहिती उघडलीत तर कदाचित दोन वेळा दिसतील. समजा फोनची वेळ रात्री १० वाजून ७ मिनिटं आणि जीपीएसची वेळ दुपारी ४ वाजून ३७ मिनिटं. यात गडबड काही नाही. उपग्रह भारताचं घड्याळ लावून फिरत नाहीत, त्यांची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. उलट हा साडेपाच तासांचा फरक बरोबर जुळतो, ही चांगलीच गोष्ट आहे.

राहिलं ते फुकटचं ॲप. ते चालायला तुमच्या सगळ्या फोटोंची परवानगी मागणार. म्हणजे एका अनोळखी माणसाला पत्ता कळू नये म्हणून दुसऱ्या अनोळखी माणसाच्या हातात अल्बमच द्यायचा. भावाची माया कळते हो, पण हा हिशेब काही जमत नाही.

मग करायचं काय? मूळ फोटो पाठीसकट घरात. बाहेर जाईल ती नक्कल, कोऱ्या पाठीची.

गोधड्यांसाठी सर्वात सोपी गोष्ट म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जागेची नोंद बंद करायची. कुठे 'लोकेशन टॅग' लिहिलेलं असतं, कुठे 'सेव्ह लोकेशन'. तेवढं बंद केलं की पुढच्या फोटोंत जागा नाही, तारीख मात्र राहते. आधीचे फोटो याने बदलत नाहीत, हे लक्षात असू द्या.

गिऱ्हाइकाला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनच पाठवा. तसा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप नव्याने तयार करतं आणि त्यात जागा राहत नाही. धूसर येत असेल तर पाठवतानाच वर एचडीचं बटण आहे ते दाबा, टाके दिसण्यापुरता तो पुरेसा असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की फाइल पाठीसकट जाते. ईमेल, ड्राइव्हची लिंक, ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह यांचंही तेच. म्हणजे लोक ज्याला घाबरतात ते व्हॉट्सॲप या बाबतीत बऱ्यापैकी सोवळं आहे, आणि ज्याला कोणी घाबरत नाही तो ईमेल उघडा. फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकलेल्या फोटोची पाठ बघणाऱ्यांना मिळत नाही. पण तुम्ही अपलोड करता तेव्हा ती कंपनीच्या हातून जाते.

ईमेलनेच पाठवायची वेळ आली तर? आयफोन असेल तर शेअर करताना वरती 'ऑप्शन्स' असतं, तिथे लोकेशन बंद करता येतं. विंडोजच्या संगणकावर फोटोवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', आणि तळाशी वैयक्तिक माहिती काढायची ओळ असते. ती निवडल्यावर 'नक्कल तयार करा' असा पर्याय येतो, तोच घ्यायचा. आणि काहीच जमलं नाही तर फोटो पडद्यावर उघडून स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोची पाठ येत नाही. तंत्रज्ञ नाकं मुरडतील, मुरडू देत.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका. फोन बदलतात, ॲप बदलतात. नवीन काही वापरलंत की आधी तो फोटो मैत्रिणीला पाठवा आणि तिला सांगा, उतरवून घे आणि वर सरकव. नकाशा आला तर थांबायचं.

'मोशन फोटो' किंवा 'लाइव्ह फोटो' चालू असेल तर तेही गोधड्यांपुरतं बंद करा. त्यात फोटोबरोबर दोन-तीन सेकंदांची चित्रफीत असते, आवाजासकट. गोधडीमागे शेजारीण तुम्हाला नावाने हाक मारतेय, हे गिऱ्हाइकाला कशाला ऐकवायचं?

पण हे सगळं पाठीचं झालं. तुम्हाला फसवलं ते फोटोच्या पोटाने, म्हणजे समोर दिसणाऱ्या चित्राने. म्हणून गोधडी गच्चीवर नको. घरात, खिडकीच्या उजेडात, सतरंजीवर पसरा आणि स्टुलावर उभं राहून वरून काढा, रंगही खरे येतील. भिंतीवर टांगायचीच असेल तर मागे एकच साधी चादर. पाठवण्यापूर्वी फोटो बोटांनी मोठा करून चारही कोपरे फिरून या: विजेचं बिल, कॅलेंडरवरचं दुकानाचं नाव, खिडकीतून दिसणारी टाकी, आरशात तुम्ही. काही झाकायचं असेल तर घट्ट रंगाचा चौकोन टाका. हायलायटरची पेन्सिल फिरवली की खालची अक्षरं उजळवून वाचता येतात. आणि झाकल्यावर किंवा कापल्यावर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तोच पाठवा. मार्च २०२३ मध्ये असं उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये कापलेल्या स्क्रीनशॉटचा कापून टाकलेला भाग फाइलीत शिल्लक राहत होता आणि तो काही अंशी परत मिळवता येत होता. नंतर ते दुरुस्त झालं, पण माझी सवय काही गेली नाही.

आणि एक विचारू? गोधडी कुरिअरने जाते तेव्हा पार्सलवर 'प्रेषक' म्हणून काय लिहिता? मला दाट शंका आहे की तिथे तुमचं नाव आणि पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. पिनकोडसकट! आकड्यांतली सेकंदं कोणी मोजायला नको. माहेरचा पत्ता लिहा, किंवा मैत्रिणीच्या दुकानाचा, तिची संमती घेऊन. पार्सल परत आलंच तर तिथे येईल. न्यायालयातल्या अर्जावर तुमचा कोणता पत्ता आहे, हेही वकीलबाईंना लगोलग विचारा. ते कागद समोरच्या बाजूलाही मिळतात.

भावाला एक सांगा. तो शेती करतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे २०२१ पासून दर हंगामाला ई-पीक पाहणी करत असणार. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, फोन अक्षांश-रेखांश घेतो, आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. गेल्या अवकाळीनंतर याच नोंदीसाठी तो तलाठ्याकडे खेटे घालत होता ना? तिथे त्याला जागा लिहिलेली हवीच असते. त्याच शाईला बहिणीच्या फोनमध्ये विष म्हणून कसं चालेल? तोही हसेल, बघा.

फोटो टाकूच नयेत का, या प्रश्नाला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तो फोटोंचा प्रश्नच नाही. दीड वर्षापूर्वी तुमच्याकडे स्वतःचे पैसे नव्हते, आज भाडं गोधड्यांवर निघतं, असं तुम्हीच लिहिलंय. ते बंद केलं तर भाडं कोण देणार, आणि देणारा मग काय काय ठरवणार? गोधड्यांसाठी वेगळा नंबर घ्या, त्यावर आडनाव न लावता फक्त धंद्याचं नाव ठेवा, प्रोफाइलला स्वतःचा फोटो नको, गोधडीचा चालेल. तुमचा खासगी नंबर ज्यांना हवा त्यांच्यापुरता राहू दे.

पुण्याच्या बाईंचं काय करायचं? त्या वाईट असतील असं पत्रावरून वाटत नाही, आनंदाच्या भरात बोलून गेल्या. पण रविवारी मावशीकडे जेवताना 'अगं, तुमच्या देवळामागे एक गोधडीवाली राहते' हे त्या सांगणार, आणि आळीत सांगितलेली गोष्ट आळीत राहत नाही. म्हणून गप्प बसू नका, सरळ लिहा: 'ताई, मी घरून विक्री करत नाही आणि पत्ता कोणाला देत नाही, काही घरगुती कारण आहे. रविवारी अकरा वाजता एसटी स्टँडवर मैत्रीण गोधडी घेऊन येईल. मावशींनाही एवढं सांभाळायला सांगा.' एका बाईने दुसऱ्या बाईला 'घरगुती कारण' म्हटलं की पुढचं बहुतेक वेळा समजतं. खोटं रचायची गरज नाही. तो गच्चीवरचा फोटो त्यांच्याकडून डिलीट करवून घ्या, आणि तुमच्या बाजूने 'डिलीट फॉर एव्हरीवन' चालतंय का बघा. चार दिवस उलटले म्हणजे बहुधा चालणार नाही, म्हणून विनंतीच करावी लागेल.

ता. क. मला उत्तर पाठवताना फोटो जोडायचा मोह झाला तर व्हॉट्सॲपवर, फोटो म्हणून. डॉक्युमेंट नको. इरकलीची ती गोधडी मी घाईत पुसली आणि लाल दोऱ्याची कड नीट बघायची राहून गेली. सिंगलच्या मापाची किती घेता, तेही कळवा.